लेकीला ऑनर सोसायट्यांची आमंत्रणं येतायत, पहिल्याच वर्षी मेंबर व्हावं का?

इंद्रायणी
मंडळी, अनुभवी पालकांची आणि सध्या कॉलेजात असलेल्या पोरापोरींची मदत हवीय. लेक यंदा फ्रेशमन (पहिल्या वर्षाला) आहे, अमेरिकेच्या मिडवेस्टातल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत, बायोलॉजी, पुढे मेडिकलचं डोक्यात आहे. फॉल सेमिस्टरला जीपीए (मार्कांची सरासरी, ४ पैकी) ३.८ आला आणि तेव्हापासून ऑनर सोसायट्यांची (चांगले मार्क असलेल्यांची मानाची मंडळं) पत्रं सुरू झालीत. एक कॉलेजच्या ईमेलवर आलंय, अल्फा लॅम्डा डेल्टाचं. दुसरं जाडजूड पाकीट, सोनेरी शिक्का, आणि ते तिच्या नावाने नाही तर आमच्या नावाने, 'अमुकच्या पालकांस'. तिसरी ईमेल, तिच्यात लाल अक्षरात लिहिलंय की अमुक तारखेच्या आत पैसे भरा नाहीतर जागा जाईल. आमच्या घरातून म्हणतात सगळं सरळ रिसायकलिंगमध्ये टाक. साताऱ्याला सासूबाईंना पाकिटाचा फोटो चुकून फॅमिली ग्रुपवर दिसला, तर त्यांनी सोसायटीत पेढे वाटायची तयारी केलीय (त्यांची हाउसिंग सोसायटी, ही नव्हे). तर ह्याचा खरंच काही उपयोग असतो का? रेझ्युमेवर? मेड स्कूलला? की नुसतं सर्टिफिकेट आणि पिन?

शिरीष७२
फी किती आहे ते सांगा, मग सांगतो खरी की खोटी.

इंद्रायणी
शिरीष, पाकीटवाल्यांची ९५ डॉलर. लाल अक्षरवाल्यांची पण तेवढीच, वर 'प्रीमियम' घेतलं तर मेडल आणि फ्रेम. कॉलेजकडून आलेल्याची बरीच कमी आहे, आणि तीही एकदाच.

बाप्या
आपल्याकडे मॅट्रिकला संस्कृतात पहिला आला की जगन्नाथ शंकरशेठ स्कॉलरशिप मिळायची, म्हणजे हुशार असल्याचे पैसे मिळायचे. १९१२ साली सी. डी. देशमुखांना मिळाली, पुढे नोटांवर सही करायला लागले. इथे हुशार असल्याचे पैसे आपणच भरायचे. काळ बदलला राव. हलके घ्या.

वऱ्हाडी_ठेचा
राजेहो, मेडल पाह्यजे असन तर आमच्या अमरावतीत ट्रॉफीचं दुकान हाय, नाव बी मोफत कोरून देते. कुरियरचे तेवढे द्या.

मंजिरी_के
इंद्रायणी, मी एका युनिव्हर्सिटीत अ‍ॅडव्हायजिंग ऑफिसात काम करते, दर स्प्रिंगला हा प्रश्न घेऊन निदान डझनभर पोरं तरी येतात, पालकांचे फोन वेगळे. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

अल्फा लॅम्डा डेल्टा खरी आहे, जुनी आहे आणि मुळात पहिल्या वर्षाच्या मुलांसाठीच आहे. गोष्ट अशी की १९२३ साली इलिनॉय युनिव्हर्सिटीत फाय एटा सिग्मा नावाची फ्रेशमन सोसायटी निघाली, ती फक्त मुलांसाठी. तिथल्या मुलींच्या डीन होत्या मारिया लिओनार्ड, त्यांनी पुढच्याच वर्षी, १९२४ ला मुलींसाठी अल्फा लॅम्डा डेल्टा काढली. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर (शिक्षणात स्त्री-पुरुष भेदाला बंदी घालणारा) दोन्हींची दारं सगळ्यांना उघडली, म्हणून आज काही कॉलेजांत दोन्ही आहेत आणि पोरं गोंधळतात की ह्यात फरक काय. आता फारसा नाहीये. दोन्हींचा निकष साधारण सारखा, पहिल्या वर्षात ३.५ च्या वर जीपीए आणि वर्गात वरच्या २० टक्क्यांत. बऱ्याच ठिकाणी पहिल्या सेमिस्टरच्या मार्कांवरच बोलावतात, म्हणून तुम्हाला पत्र आत्ता आलं.

खरं-खोटं कसं ओळखायचं तर फीवरून नाही हो शिरीष. खऱ्या सोसायट्याही फी घेतात. बघायचं एवढंच की बोलावतंय कोण. खऱ्या सोसायटीचा तुमच्या कॅम्पसवर चॅप्टर (शाखा) असतो, त्याचा एक फॅकल्टी किंवा स्टाफ अ‍ॅडव्हायजर असतो, त्याला नाव, खोली नंबर, फोन असतो. यादी रजिस्ट्रारकडून निघते, म्हणजे मार्क त्यांना आधीच माहीत असतात. ज्या पत्रात 'तुमची निवड झाली आहे' म्हणतात आणि पुढच्या फॉर्मवर 'तुमचा जीपीए किती' असं विचारतात, तिथे निवड कशावरून झाली हो? लेकीला म्हणावं डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात जा आणि विचार, ही आपली आहे का. दोन मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. असोसिएशन ऑफ कॉलेज ऑनर सोसायटीज म्हणून शिखर संस्था आहे, १९२५ पासूनची. तिच्या यादीत नाव असेल तर किमान दर्जा पाळला जातो असं समजायचं.

इंद्रायणी
मंजिरी दंडवत!! त्या तिसऱ्या ईमेलमध्ये अगदी हेच आहे, 'जीपीए स्वतः नोंदवा'. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

गोदाकाठ
मंजिरी_के यांना बाकी सगळ्यात अनुमोदन पण शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबा. त्या यादीत नाही म्हणजे बोगस असं कोणी समजू नका. फाय बीटा कॅपा त्या संघटनेतून कधीच बाहेर पडलीय, फाय कॅपा फाय पण, आणि ह्या दोघींना बोगस म्हणणारा अजून जन्मायचाय. यादीत असणं चांगलं, नसलं तर चौकशी करा, इतकंच.

फाय बीटा कॅपा म्हणजे ह्या सगळ्या प्रकाराची आजी. ५ डिसेंबर १७७६, व्हर्जिनियातलं विल्यम अँड मेरी कॉलेज. म्हणजे देशाचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा जुलैमधला आणि ही डिसेंबरातली! सुरुवातीला चक्क गुप्त मंडळ होतं, शपथ, हस्तांदोलनाची खूण, रात्री जमून वादविवाद. पुढे १८३० च्या आसपास इथे फ्रीमेसनांविरुद्ध हवा तापली तेव्हा हार्वर्डच्या चॅप्टरने १८३१ ला गुप्तपणा सोडून दिला. १८३७ साली हार्वर्डच्या ह्याच मंडळींसमोर इमर्सनने 'अमेरिकन स्कॉलर' हे भाषण केलं. बायकांना पहिल्यांदा घेतलं १८७५ ला, व्हरमाँट युनिव्हर्सिटीत. चॅप्टर देशातल्या साधारण दहा टक्के कॉलेजांतच, आणि निवड मुख्यतः तिसऱ्या-चौथ्या वर्षी. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पोराला 'फाय बीटा कॅपाचं बोलावणं' आलं तर समजून जा.

पिट्सबर्गची_काकू
मला एक सांगा, ही ग्रीक अक्षरं बघून माझ्या तर पोटात गोळाच आला होता. मुलाने फोनवर सांगितलं आई मी फाय एटा सिग्मात जातोय, मला वाटलं झालं, हा आता त्या फ्रॅटर्निटीच्या (कॉलेजातल्या पोरांच्या क्लबच्या) घरात राहायला जाणार, दारू, रॅगिंग, वळचणीला लाल प्लास्टिकचे ग्लास. मी रात्रभर झोपले नाही. ह्यांना उठवून सांगितलं तर हे म्हणाले 'सकाळी बघू' आणि कूस बदलली. सकाळी कळलं की ते अभ्यासाचं आहे. इंडक्शनला (मेंबर करून घ्यायच्या समारंभाला) गेलो आम्ही, मेणबत्ती-बिणबत्ती लावून शपथ होती, मला आपलं मौंजीत बसल्यासारखं वाटत होतं.

गोदाकाठ
काकू, तुमचा गोंधळ अगदीच चूक नाही. ग्रीक अक्षरांचं नाव घ्यायची पद्धत फाय बीटा कॅपानेच पाडली, नंतर फ्रॅटर्निट्यांनी ती उचलली. आजोळ एकच, पोरं मात्र दोन दिशांना गेली.

बिनधास्त_बाई
पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाहीये. ज्या मुलीचा जीपीए ३.८ आहे तिच्या ट्रान्स्क्रिप्टवर तो छापलेला आहेच ना? मग 'ही हुशार आहे' हे सांगायला तिसरा माणूस कशाला? मला हा सगळा खुशामतीचा धंदा वाटतो, खरा असो की खोटा. आणि पालकांच्या नावाने पत्र का येतं ते उघड आहे, कार्ड पालकांकडे असतं! आपण लोक तर त्यासाठी अगदी सोपं सावज, सर्टिफिकेट दिसलं की लॅमिनेशन.

पत्ते कुठून मिळतात हे पण बघा. कॉलेज मुलांचं नाव, पत्ता, ईमेल ह्याला 'डिरेक्टरी इन्फर्मेशन' मानू शकतं आणि परवानगी न विचारता देऊ शकतं, तुम्ही आधी नकार नोंदवला नसेल तर. रजिस्ट्रारकडे एक फॉर्म असतो. जीपीए त्यात येत नाही, म्हणूनच मंजिरी म्हणतात तसं ते 'स्वतः नोंदवा' म्हणतात. हायस्कूलला सॅट ही प्रवेशपरीक्षा देताना कॉलेज बोर्डाच्या स्टुडंट सर्चला हो म्हटलं असेल तर तेव्हापासूनच नाव बाजारात आहे. आमच्याकडे त्या वर्षी आलेल्या टपालात पुरणपोळ्या गुंडाळल्या असत्या तर गावजेवण झालं असतं.

शिरीष७२
पुरणपोळी गुंडाळायला ग्लॉसी कागद चालत नाही, चिकटते. अनुभव.

रेवा_पुणे३८
नमस्कार, मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, इतके दिवस नुसती वाचत होते. मी आत्ता सेकंड इयरला आहे, पुण्याहून डायरेक्ट अंडरग्रॅडला आले एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर. मी गेल्या वर्षी अल्फा लॅम्डा डेल्टा जॉइन केलं आणि बिनधास्त_बाई म्हणतात ते मला पटतं पण अर्धंच. पिन ड्रॉवरमध्ये पडलीये, सर्टिफिकेट आईला पाठवलं. पण आमच्या चॅप्टरची जी अ‍ॅडव्हायजर आहे ती केमिस्ट्री डिपार्टमेंटची आहे आणि तिच्यामुळे मला कळलं की लॅबमध्ये कामासाठी प्रोफेसरना ईमेल कशी करायची, कधी करायची, उत्तर नाही आलं तर काय. मला इथे कोणी ओळखीचं नव्हतं, ज्यांचे आईबाबा इथे शिकलेत त्यांना ह्या गोष्टी घरी कळतात, मला कोण सांगणार. गुरुवारी संध्याकाळी आम्ही कॅल्कुलसचं फ्री ट्युटरिंग घेतो, त्यात मी शिकवते आता. हे सगळं सोसायटीशिवाय झालं नसतं असं नाही, पण झालं त्यातूनच.

मात्र आमच्यात जे नुसते पैसे भरून इंडक्शनला फोटो काढून गेले ते परत दिसलेच नाहीत, आणि ते बरेच आहेत. स्कॉलरशिपा आहेत नॅशनल ऑफिसच्या, पुढे ग्रॅज्युएट स्कूलसाठी फेलोशिप पण आहे, पण स्पर्धा देशभरातली असते, त्यावर भरोसा ठेवून जॉइन करू नये असं माझं मत.

बिनधास्त_बाई
रेवा, स्वागत. तुझी पोस्ट आवडली. पण मग तुला उपयोग झाला तो त्या बाईंचा, सोसायटीचा नाही.

रेवा_पुणे३८
त्या बाई मला भेटल्या कुठे पण ताई :)

सदा_सर्वदा
मी हायरिंगमध्ये आहे (सॉफ्टवेअर, फिलाडेल्फियाजवळ). खरं सांगतो, फ्रेशमन सोसायटीची ओळ मी वाचतो फक्त पहिल्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपच्या रेझ्युमेत, कारण तिथे दुसरं काही नसतंच, हायस्कूलचा बँड आणि पिझ्झाच्या दुकानातली नोकरी (पिझ्झाच्या नोकरीला मी जास्त मार्क देतो, सांगून ठेवतो). ज्युनियर इयरपासून (तिसऱ्या वर्षापासून) ती ओळ जागा अडवते. 'मेंबर' लिहिलेलं आणि 'ट्युटरिंग कोऑर्डिनेटर' लिहिलेलं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्यावर मी प्रश्नच विचारत नाही.

सरकारी नोकरीत मात्र फायदा होतो असं ऐकलंय, वरच्या ग्रेडला घेतात म्हणे.

मंजिरी_के
सदा, ते अर्धसत्य आहे आणि ह्याच अर्धसत्यावर माहितीपत्रकं चालतात. फेडरल सरकारात डिग्रीनंतर साधारण जीएस-५ ह्या पगारश्रेणीला लागतात, पण 'सुपिरियर अकॅडेमिक अचीव्हमेंट' दाखवलं तर जीएस-७ ला सुरुवात होऊ शकते, आणि नॅशनल ऑनर सोसायटीची मेंबरशिप हा त्याचा एक मार्ग आहे. पण नियमात स्वच्छ लिहिलंय की फ्रेशमन ऑनर सोसायटी त्यासाठी धरली जाणार नाही! शिवाय एकूण जीपीए ३.० असला तरी तोच फायदा मिळतो. म्हणजे इंद्रायणीच्या लेकीला तो तसाच मिळेल, एक डॉलर न भरता. आणि रेवासारख्या एफ-वन मुलांना हा मुद्दाच लागू नाही, त्या नोकऱ्या बहुतेक सगळ्या सिटिझनसाठी असतात.

डॉ_गुळपोळी
मेड स्कूलचं मी बोलू शकते. अर्जात कामं-अ‍ॅक्टिव्हिटींसाठी १५ नोंदी मिळतात, त्यातली एक 'ऑनर्स' प्रकाराची करायची आणि डीन्स लिस्ट, सोसायट्या, जे काय असेल ते सगळं त्या एकीत कोंबायचं. सोसायटीला स्वतंत्र नोंद देऊ नका, ती जागा क्लिनिकल अनुभवाला, रिसर्चला, कुठे वर्षभर नेमाने जाऊन काम केलं असेल त्याला. मुलाखतीत मला तरी कोणी विचारलं नाही. मेडिकलमधली जिला खरोखर मान आहे ती अल्फा ओमेगा अल्फा, १९०२ पासूनची, पण ती मेड स्कूलमध्ये गेल्यावर. तिथे पोचू दे आधी पोरीला.

बाप्या
अवांतर: आपल्याकडे असं का नाही निघालं? मार्क तर आपण कोणापेक्षा कमी मोजत नाही.

गोदाकाठ
बाप्या, आपल्याकडे मंडळ कशाला, बोर्डाची मेरिट लिस्ट होती ना, पेपरात फोटो, क्लासच्या जाहिरातीत तोच फोटो, आणि एकच मुलगा तीन क्लासवाल्यांचा विद्यार्थी. आणि त्याआधी किताब थेट नावालाच चिकटायचा. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ ला केंब्रिजला सीनियर रँग्लर (गणितात पहिले) झाले, पुढे फर्गसनचे प्रिन्सिपल झाले, आणखी कायकाय झाले, पण लोकांच्या तोंडी शेवटपर्यंत 'रँग्लर परांजपे'च.

वऱ्हाडी_ठेचा
मंग 'अल्फा लॅम्डा डेल्टा कुलकर्णी' का वाईट हाय?

तळेगावकर_टेक्सास
धागा उशिरा वाचला. इथे सगळे चार वर्षांच्या कॉलेजबद्दल बोलतायत, एक बाजू राहिली म्हणून लिहितो. आमची ही एच-फोर वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर) आली, नोकरी करता येत नव्हती, घरात बसून वैतागली होती, मुलगा केजीत गेल्यावर जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगला नाव घातलं. तिथे फाय थीटा कॅपा आहे, दोन वर्षांच्या कॉलेजांसाठीची, १९१८ पासूनची. तिला पहिल्याच वर्षी बोलावणं आलं. मी म्हणालो होतो कशाला पैसे घालवतेस. तिने ऐकलं नाही (नेहमीप्रमाणे). नंतर चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेताना तिथे फाय थीटा कॅपाच्या मेंबरांसाठी वेगळी ट्रान्सफर स्कॉलरशिप होती, अशा बऱ्याच युनिव्हर्सिट्या देतात, आणि तिला मिळाली. फी त्यातून कितीतरी पटीने वसूल. दोन वर्षांच्या कॉलेजात असाल तर हे पत्र फेकू नका, आधी जिथे ट्रान्सफर घ्यायचीय तिथल्या वेबसाइटवर बघा. व्हिसाची अट असते-नसते, तेही विचारा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे चौतिसाव्या वर्षी एकोणीस वर्षांच्या पोरांत बसून तिला वाटत होतं आपण इथे चुकून आलोय. इंडक्शनला तिने नऊवारी नेसली होती. त्या दिवसानंतर ते बोलणं बंद झालं. बिनधास्त_बाई, ट्रान्स्क्रिप्टवर मार्क तेव्हाही होतेच.

बिनधास्त_बाई
तळेगावकर, हे मान्य. तुमच्या घरातल्यांना सलाम सांगा. पाकीटवाल्यांबद्दलचं माझं मत मात्र तसंच आहे.

पिट्सबर्गची_काकू
नऊवारीचा फोटो असेल तर टाका की.

ओमकार_लेहाय
ऑनर्स कॉलेज आणि ऑनर सोसायटी ह्यात घोळ करू नका कोणी, माझ्या मामाने केला होता. ऑनर्स कॉलेजात वेगळे छोटे वर्ग, आधी रजिस्ट्रेशन, शेवटी थीसिस, खूप ठिकाणी डॉर्म पण वेगळं. ते अभ्यासक्रमाचं आहे, त्यात राहायला काम करावं लागतं. सोसायटी हा मान आहे. एक मिळालं म्हणजे दुसरं मिळालं असं नाही. पहिल्या वर्षानंतरही ऑनर्स कॉलेजात घेतात काही युनिव्हर्सिट्या, लेकीला ते विचारायला सांगा, तिकडे जास्त फायदा आहे.

इंद्रायणी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं वाचून मला स्वतःलाच फ्रेशमन झाल्यासारखं वाटतंय. अपडेट देते. लेकीला हा धागा वाचायला दिला, तिला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून मी मोठ्याने वाचला, 'पुरणपोळी चिकटते'ला ती सगळ्यात जास्त हसली. मग ती स्वतः डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात जाऊन आली. अल्फा लॅम्डा डेल्टाचा चॅप्टर खरंच कॅम्पसवर आहे, अ‍ॅडव्हायजर बायोलॉजीचेच निघाले. पाकीटवाल्यांचा तिथे काही चॅप्टर नाही, आणि ग्रॅज्युएशनला त्यांची मानाची दोरी गळ्यात घालायला परवानगी पण नाही, युनिव्हर्सिटी फक्त स्वतः मानलेल्या सोसायट्यांच्या दोऱ्या चालवून घेते. लाल अक्षरवाल्यांना तिने स्पॅममध्ये टाकलं. डिरेक्टरीचा फॉर्म पण भरून आली.

पैसे मी भरते म्हटलं तर नको म्हणाली, कॅफेटेरियातल्या कामाचे भरले. मीटिंगला जाऊन बघेन, बोअर झालं तर सोडून देईन असं म्हणतेय. मला तेवढं पुरे आहे. यजमान म्हणतात रिसायकलिंग माझंच बरोबर होतं, तीनपैकी दोनदा. सासूबाईंना अजून सगळं सांगितलेलं नाही, पेढे वाटून झालेत.

शिरीष७२
पेढे बरोबर सोसायटीसाठी वाटले ना, बास.

ओमकार_लेहाय
इंद्रायणीताई, छान झालं. माझा पण एक प्रश्न ह्यातच विचारतो, मी मेकॅनिकलला आहे सोफोमोर (दुसऱ्या वर्षाला), फ्रेशमन वर्षी जीपीए ३.३ होता म्हणून कोणीच बोलावलं नाही. आता ३.७ वर आणलाय. टाऊ बीटा पायला (इंजिनियरिंगची ऑनर सोसायटी) चान्स आहे का की पहिलं वर्ष आडवं येईल?

गोदाकाठ
ओमकार, तू लेहाय युनिव्हर्सिटीत आहेस म्हणजे त्यांच्या जन्मगावीच आहेस, टाऊ बीटा पाय तिथेच १८८५ साली निघाली. पहिलं वर्ष मोजलं जातं पण एकट्याने अडवत नाही, एकूण जागा बघतात. ज्युनियरला इंजिनियरिंगच्या वर्गात वरच्या एक-अष्टमांशात हवास, नाही जमलं तर सीनियरला (चौथ्या वर्षी) वरच्या एक-पंचमांशात. म्हणजे सीनियरला दार जरा जास्त उघडतं. थर्मो कधी आहे तुझं?

ओमकार_लेहाय
ह्याच सेमिस्टरला. मिडटर्म सोमवारी. म्हणूनच इथे टाइमपास करतोय.

मंजिरी_के
जा, अभ्यासाला बस.